पॅसिफिक बेटांवर गुणात्मक संशोधन: नवख्या संशोधकासाठी पायरीपायरीने

न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया किंवा फिजीतील विद्यापीठात समाजशास्त्र, शिक्षणशास्त्र किंवा सार्वजनिक आरोग्य शिकणाऱ्या मराठी विद्यार्थ्यासमोर कधीतरी पॅसिफिक समाजांत क्षेत्रकार्य करण्याची वेळ येते. हाताशी असलेली संशोधनपद्धतीची पाठ्यपुस्तके मुलाखतीचे जे चित्र रंगवतात त्यात दोन अनोळखी व्यक्ती समोरासमोर बसतात, संमतिपत्रावर सही होते, तासाभरात ठरलेले प्रश्न विचारून होतात आणि दोघे आपापल्या वाटेने जातात. फिजीतील गावात किंवा ऑकलंडमधील सामोअन कुटुंबात हे चित्र टिकत नाही. समोरचा माणूस काय सांगेल, किती सांगेल आणि कोणाच्या वतीने सांगेल हे तुमचे तिथल्या लोकांशी नाते काय आहे यावर ठरते. म्हणून इथे कामाचा क्रमच बदलावा लागतो: आधी नाते, मग परवानगी, मग बोलणे आणि सर्वांत शेवटी प्रश्नावली. पुढील पायऱ्या त्याच क्रमाने मांडल्या आहेत आणि उदाहरणे मुख्यतः फिजी, सामोआ, टोंगा व वानुआतू येथील आहेत.

पहिली पायरी: एक जागा, एक समाज निवडणे

‘पॅसिफिक संस्कृती’ असा विषय घेऊन कोणीही क्षेत्रकार्याला निघू नये. पापुआ न्यू गिनीत आठशेहून अधिक भाषा बोलल्या जातात. वानुआतूची लोकसंख्या सुमारे ३ लाख आहे आणि तिथे शंभराहून अधिक भाषा आहेत. याउलट टोंगात राजेशाही आहे, जवळजवळ सर्व लोकांची भाषा एकच आहे आणि राजा, सरदार व सामान्य जन यांच्याविषयी बोलताना त्या भाषेतले शब्द बदलतात. मेलानेशिया, पॉलिनेशिया आणि मायक्रोनेशिया ही परिचित विभागणी फ्रेंच दर्यावर्दी ड्युमाँ द'उर्विल याने १८३०च्या दशकात रूढ केली. मेलानेशिया हे नाव तर लोकांच्या त्वचेच्या रंगावरून दिले गेले. नकाशा वाचण्यापुरती ती नावे वापरावीत, समाजाचे स्वरूप ठरवण्यासाठी वापरू नयेत.

जागा निवडताना हेही लक्षात घ्यावे की हे समाज फक्त बेटांवर राहत नाहीत. नीऊए आणि कुक आयलंड्स येथील मूळ बेटांवर जितके लोक राहतात त्यापेक्षा कितीतरी अधिक नीऊएन आणि कुक आयलंडर न्यूझीलंडमध्ये आहेत. टोंगन वंशाचे विचारवंत एपेली हाउओफा यांनी १९९३ साली हा समुद्र दूरदूरच्या चिमुकल्या बेटांना तोडणारा नसून जोडणारा आहे, अशी मांडणी केली. त्या मांडणीने या प्रदेशाच्या अभ्यासाची दिशा बदलली. ऑकलंडमधील एका चर्चमंडळीचा अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्यालाही त्या कुटुंबांच्या मूळ गावाचे नाव, तिथले प्रमुख आणि तिथे होणारे येणेजाणे ठाऊक असले पाहिजे.

दुसरी पायरी: स्थानिक अभ्यासकांच्या पद्धती आधी वाचणे

अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ मार्गारेट मीड १९२५ साली अमेरिकन सामोआत गेल्या, तिथल्या किशोरवयीन मुलींविषयी त्यांनी केलेले लेखन जगभर वाचले गेले आणि १९८३ साली मानववंशशास्त्रज्ञ डेरेक फ्रीमन यांनी त्यावर कडाडून टीका केली. वर्षानुवर्षे चाललेला तो वाद प्रामुख्याने बाहेरच्या विद्वानांमध्येच झाला आणि ज्यांच्याविषयी तो होता त्या सामोअन लोकांना त्यात साक्षीदारापलीकडे फारसे स्थान मिळाले नाही. हा इतिहास आजही तिथे विसरला गेलेला नाही. त्यामुळे आपल्या प्रबंधातील पद्धतीचे प्रकरण मीड किंवा मॅलिनोव्स्की यांच्यासारख्या बाहेरच्या मानववंशशास्त्रज्ञांपासून सुरू न करता स्थानिक अभ्यासकांपासून सुरू करावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

पहिली ओळख तालानोआची करून घ्यावी. टोंगा, सामोआ, फिजी या सर्व ठिकाणी हा शब्द मोकळ्या, समोरासमोरच्या संवादासाठी वापरला जातो. टोंगन अभ्यासक तिमोते वाइओलेती यांनी २००६ साली तालानोआची संशोधनपद्धती म्हणून सविस्तर मांडणी केली. त्याआधी, फिजीतील २००० सालच्या सत्तापालटानंतर, सितिवेनी हालापुआ यांनी विरोधी राजकीय गटांना एकत्र बसवण्यासाठी याच संवादाचा आधार घेतला होता. टोंगन शिक्षणतज्ज्ञ आणि कवयित्री कोनाई हेलू थामान यांनी ‘काकाला’ ही चौकट दिली. काकाला म्हणजे सुगंधी फुलांची माळ. फुले वेचणे, ती गुंफणे आणि माळ दुसऱ्याला अर्पण करणे, म्हणजेच तोली, तुई आणि लुवा, या तीन टप्प्यांत ज्ञाननिर्मितीची प्रक्रिया सांगितली आहे. पुढे इतर टोंगन अभ्यासकांनी त्यात पूर्वतयारीचा ‘तेऊ’ आणि कामाचा दर्जा व परिणाम तपासणारे ‘मालिए’ आणि ‘माफाना’ हे टप्पे जोडले. यातला लुवा नवख्यांकडून सर्वाधिक दुर्लक्षिला जातो. गोळा केलेले ज्ञान स्वतःजवळ ठेवण्यासाठी नसते, ते देण्यासाठी असते, हे या चौकटीत पद्धतीचाच भाग म्हणून लिहिलेले आहे.

सामोअन समाजाचा अभ्यास करणाऱ्याने ‘फाअफालेतुई’ वाचावी. वेगवेगळ्या गटांनी आपापल्या ‘घरात’ बसून विचार करायचा आणि नंतर ते विचार एकत्र विणायचे, अशी ही पद्धत आहे. न्यूझीलंडमधील सामोअन लोकांच्या मानसिक आरोग्यविषयक कल्पनांचा एक अभ्यास या पद्धतीने झाला आणि २००५ साली प्रसिद्ध झाला. त्यात तीन दृष्टी सांगितल्या आहेत: डोंगरमाथ्यावरून पाहणाऱ्याची, झाडाच्या शेंड्यावरून पाहणाऱ्याची आणि माशांच्या थव्याजवळ होडीत बसलेल्याची. मोठ्या प्रश्नाला तिन्ही लागतात. मुलाखतींची यादी करताना ही कसोटी लावून पाहावी. नवख्या संशोधकाच्या यादीत बहुधा डोंगरमाथ्यावरचीच माणसे असतात, म्हणजे अधिकारी, पाद्री, मुख्याध्यापक आणि गावप्रमुख, आणि होडीतला माणूस निसटलेला असतो.

फिजीसाठी उनाइसी नाबोबो-बाबा यांची ‘वानुआ’ चौकट महत्त्वाची आहे. वानुआ म्हणजे जमीन, तिच्यावरचे लोक, त्यांचे पूर्वज आणि त्यांच्यातले नाते, हे सारे एकत्र. न्यूझीलंडच्या माओरी समाजाची ‘काउपापा माओरी’ ही संशोधनधारा मात्र वेगळी आहे. लिंडा तुहिवाई स्मिथ यांच्या १९९९ सालच्या मांडणीमुळे ती जगाला माहीत झाली. ती माओरी लोकांनी माओरी लोकांसाठी उभारलेली असल्याने टोंगन किंवा फिजियन समाजावर जशीच्या तशी लावू नये.

तिसरी पायरी: परवानग्या

याबाबत थोडक्यात सांगता येईल, पण वेळ मात्र भरपूर राखून ठेवावा लागतो. विद्यापीठाच्या नीतिमत्ता समितीची मान्यता ही सुरुवात असते. न्यूझीलंडमध्ये आरोग्यविषयक काम असेल तर तिथल्या आरोग्य संशोधन परिषदेने पॅसिफिक समाजांसाठी काढलेली मार्गदर्शक तत्त्वे अर्ज लिहिण्याआधी वाचावीत. पापुआ न्यू गिनीत राष्ट्रीय संशोधन संस्थेमार्फत संशोधन-व्हिसाची प्रक्रिया होते. कुक आयलंड्समध्ये पंतप्रधान कार्यालयाच्या अखत्यारीतील राष्ट्रीय संशोधन समिती परवाना देते. फिजीत इतौकेई, म्हणजे मूळ फिजियन, गावात काम करायचे असेल तर इतौकेई व्यवहार मंत्रालय आणि प्रांतिक कार्यालय यांच्याशी आधी संपर्क साधावा.

वानुआतूचे उदाहरण मात्र सविस्तर समजून घेण्यासारखे आहे. स्वातंत्र्यानंतर काही वर्षांतच, १९८५ साली, या देशाने परदेशी मानववंशशास्त्रीय संशोधनावर बंदी घातली आणि ती जवळजवळ दहा वर्षे टिकली. त्या काळात काम थांबले नव्हते. वानुआतू कल्चरल सेंटरने वेगवेगळ्या बेटांवरील स्थानिक लोकांना ‘फिल्वोका’, म्हणजे क्षेत्रकार्यकर्ते, म्हणून प्रशिक्षण दिले आणि त्यांनी स्वतःच्या भाषा, कथा व चालीरीती नोंदवल्या. पुढे स्त्री फिल्वोकांचाही गट उभा राहिला. बंदी उठली तेव्हा परदेशी संशोधकांसाठी लेखी धोरण तयार होते. स्थानिक सहकाऱ्याबरोबर काम करणे, समाजाच्या उपयोगाचे काहीतरी तयार करून देणे आणि नोंदींच्या प्रती देशात ठेवणे या त्यातील मुख्य अटी आहेत. एखाद्या देशाने इतक्या स्पष्ट अटी घातल्या नसतील तरी नवख्याने त्या स्वतःवर घालून घ्याव्यात.

चौथी पायरी: गावात प्रवेश

फिजीच्या गावात थेट शिरून लोकांशी बोलू लागणे हा अपमान समजला जातो. आधी ओळखीच्या माणसामार्फत ‘तुरांगा नी कोरो’ या गावाच्या प्रशासकीय प्रमुखाला निरोप जातो. मग सेवुसेवूचा विधी होतो. पाहुण्याच्या वतीने यांगोनाच्या वाळलेल्या मुळ्यांची जुडी यजमानांपुढे ठेवली जाते, येण्याचा हेतू ठरलेल्या औपचारिक भाषेत सांगितला जातो आणि यजमानांनी ती स्वीकारली की गावात वावरण्याची मुभा मिळते. यांगोना म्हणजेच इतरत्र कावा म्हणून ओळखले जाणारे पेय. सेवुसेवूची भाषणे पाहुण्याने स्वतः करायची नसतात. आपल्या वतीने बोलणारा जाणता माणूस सोबत न्यावा आणि आपल्या संशोधनाचा हेतू त्याला आधी नीट, साध्या शब्दांत समजावून द्यावा, कारण त्या क्षणी तो जे सांगेल तेच गावाच्या दृष्टीने तुमचे वचन असते. विद्यापीठाचे संमतिपत्र नंतर येते, आणि गावाने होकार दिला म्हणून प्रत्येक व्यक्तीने होकार दिला असे धरता येत नाही. सामूहिक संमती आणि वैयक्तिक संमती दोन्ही घ्यावी लागतात. जिथे कागदावरची सही सरकारी किंवा जमिनीच्या व्यवहाराची आठवण करून देते तिथे ध्वनिमुद्रित तोंडी संमतीची तरतूद नीतिमत्ता समितीकडून आधीच मंजूर करून घ्यावी.

वागण्याचे नियम स्थानिक माणसाकडून शिकावेत, परंतु काही गोष्टी आधीच माहीत असाव्यात. गावात टोपी व गॉगल काढावा, खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत. सामोआत घरात जमिनीवर मांडी घालून बसतात, पाय समोरच्याकडे पसरत नाहीत आणि बसलेल्या लोकांपुढून जाताना वाकून ‘तुलोऊ’ म्हणतात. सायंकाळच्या प्रार्थनेच्या वेळी अनेक सामोअन गावांत रस्त्याने फिरणेही थांबते. टोंगात रविवारचे पावित्र्य राज्यघटनेने राखलेले आहे, तेव्हा त्या दिवशी मुलाखत मागू नये; चर्चमध्ये जाऊन बसावे. सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट या ख्रिस्ती पंथाची कुटुंबे कावा पीत नाहीत, त्यांच्या घरी यांगोना नेणे योग्य नाही. भेटवस्तूंचा खर्च अंदाजपत्रकात उघडपणे दाखवावा. ती लाच नव्हे आणि मुलाखतीचा मोबदलाही नव्हे. ज्या समाजात देण्याघेण्यातूनच नाते टिकते, तिथे रिकाम्या हाताने जाणारा संशोधक फक्त घेणारा ठरतो.

भारतीय चेहऱ्याच्या संशोधकाला फिजीत आणखी एका गोष्टीचे भान ठेवावे लागते. १८७९ ते १९१६ या काळात सुमारे साठ हजार भारतीय मजूर गिरमिट करारावर तिथे नेले गेले आणि त्यांचे वंशज आज त्या देशाचा मोठा भाग आहेत. १९८७ आणि २००० सालच्या सत्तापालटांमध्ये इतौकेई आणि भारतीय वंशाचे नागरिक यांच्यातील तणाव उघड झाला आणि त्यानंतर अनेक भारतीय कुटुंबे देश सोडून गेली. इतौकेई गावात तुमच्याकडे पाहताना लोक हा इतिहास मनात ठेवून पाहतील. आपण भारतातून आलो आहोत, कोणत्या विद्यापीठाचे आहोत आणि निष्कर्ष कोणाकडे जाणार आहेत हे पहिल्याच भेटीत सांगून टाकावे. भारतीय वंशाच्या लोकांमध्येही आपण घरचेच आहोत अशी समजूत करून घेऊ नये. त्यांची फिजी हिंदी ही अवधी, भोजपुरी आणि इतर बोलींच्या मिश्रणातून तिथेच घडलेली, स्वतःचे व्याकरण असलेली भाषा आहे. आपण शाळेतली प्रमाण हिंदी बोललो की समोरचाही भाषणातली किंवा धार्मिक कार्यक्रमातली हिंदी बोलू लागतो आणि घरातले, शेतातले, मनातले बोलणे मागे राहते. म्हणून आधी काही आठवडे फिजी हिंदी ऐकावी आणि मुलाखतीत सहभागींना त्याच भाषेत बोलण्याचे आमंत्रण द्यावे.

पाचवी पायरी: तालानोआत बसणे

तालानोआसाठी प्रश्नांची यादी बरोबर असावी, पण ती हातात धरून बसू नये. तीन किंवा चार विषय मनात ठेवावेत. सुरुवात स्वतःच्या ओळखीपासून करावी: आपले गाव, आईवडील, भावंडे, आपण इथे कसे आलो. पाठ्यपुस्तकात संशोधकाने स्वतःविषयी कमी बोलावे असे सांगितलेले असते. तालानोआत मात्र जो स्वतःचे काही सांगत नाही त्याला दुसऱ्याचे मागण्याचा अधिकार पोचत नाही.

कोण बोलते आहे आणि कोण गप्प आहे हे दर वेळी नोंदवावे. यांगोनाच्या तानोआभोवती, म्हणजे त्या लाकडी पात्राभोवती, बसलेली मंडळी बहुधा पुरुष असतात आणि त्यांच्यातही ज्येष्ठतेचा क्रम असतो. तिथे धाकट्याने प्रश्नाचे उत्तर दिले नाही याचा अर्थ त्याला मत नाही असा होत नाही. स्त्रिया चटया विणताना, स्वयंपाकाच्या जागी किंवा चर्चच्या महिला मंडळात मोकळेपणाने बोलतात, म्हणून त्यांच्यासाठी वेगळे गट आणि शक्यतो स्त्री सहकारी हवी. टोंगा आणि सामोआत भाऊ-बहिणीच्या नात्याला विशेष मर्यादा आहेत. विवाह, लैंगिक आरोग्य किंवा शरीर यांविषयीचा संवाद भाऊ आणि बहीण एकाच गटात असताना सुरू करणे अयोग्य आहे. इथे भाऊ-बहीण या शब्दांत चुलत, मावस आणि आत्येमामे भावंडेही येतात, त्यामुळे गट ठरवण्याआधी नाती विचारून घ्यावीत.

मौनाविषयी विशेष सांगायला हवे. नाबोबो-बाबा यांनी ताइलेवू प्रांतातील वुंगालेई लोकांबरोबरच्या अभ्यासात मौनाचे अनेक प्रकार नोंदवले आहेत: आदराचे, असहमतीचे, दुःखाचे, हे ज्ञान तुझ्यासाठी नाही असे सांगणारे. शांततेची पोकळी लगेच पुढच्या प्रश्नाने भरून काढण्याची सवय सोडावी. मौन किती वेळ होते, कोणत्या विषयानंतर आले आणि ते कोणी मोडले हे वहीत लिहावे, कारण ध्वनिमुद्रणातून ते कळत नाही. रात्री उशिरापर्यंत यांगोना चालू असेल तर सुरुवातीला दिलेली ध्वनिमुद्रणाची संमती तासन्‌तासांनंतरही तशीच आहे असे धरू नये. यंत्र बंद करावे आणि हवे असल्यास दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारावे.

सहावी पायरी: भाषा, लिखित उतारा आणि भाषांतर

ध्वनिमुद्रण कागदावर उतरवण्याचे काम बाहेरच्या कोणाकडे सोपवण्याआधी त्या भाषेतील लेखन आणि उच्चार यांचे नाते शिकून घ्यावे. फिजियन लेखनात रोमन ‘डी’ हे अक्षर ‘न्द’, ‘बी’ हे ‘म्ब’, ‘क्यू’ हे ‘ङ्ग’ आणि ‘सी’ हे ‘ध’च्या जवळचा उच्चार दाखवते, म्हणून विमानतळाच्या फलकावर ‘नादी’ दिसणारे शहर लोकांच्या तोंडी ‘नान्दी’ असते. सामोअन भाषेत याहून महत्त्वाचा भेद आहे. चर्च, शाळा व लेखन यांत ‘त’ असलेले उच्चार घरगुती बोलण्यात आणि पारंपरिक सभांतील औपचारिक भाषणांतही ‘क’ होतात. उतारा करणारा सहायक सवयीने सगळे ‘त’मध्ये सुधारून लिहितो आणि बोलणारा कोणत्या क्षणी एका पद्धतीवरून दुसऱ्या पद्धतीवर गेला ही माहिती नष्ट होते. सहायकाला आधीच सांगावे की जसे बोलले तसेच लिहायचे आहे. क्षेत्रातील झटपट टिपणे देवनागरीत घ्यायला हरकत नाही, परंतु मराठीच्या नेहमीच्या देवनागरीत ‘ए’ आणि ‘ओ’ यांचा ऱ्हस्व-दीर्घ भेद दाखवता येत नाही आणि पॉलिनेशियन भाषांतील कंठद्वारीय स्पर्शाला, म्हणजे घशात क्षणभर अडणाऱ्या ध्वनीला, चिन्ह नाही. त्यामुळे अंतिम उतारा त्या भाषेच्या अधिकृत लिपीतच हवा.

या भाषांमध्ये ऐकणाऱ्याला सामावून घेणारे आणि वगळणारे असे दोन वेगळे ‘आपण’ आणि ‘आम्ही’ आहेत: सामोअनमध्ये तातोऊ आणि मातोऊ, फिजियनमध्ये केंदा आणि केइमामी, पापुआ न्यू गिनीतील तोक पिसिन या भाषेत यूमी आणि मीपेला. फिजियनमध्ये तर दोघे, थोडे लोक आणि पुष्कळ लोक यांसाठीही निरनिराळी रूपे आहेत. इंग्रजी भाषांतरात हे सारे एकाच सर्वनामात कोसळते. ‘आमची जमीन’ असे म्हणणारा माणूस त्यात तुम्हाला धरतो की नाही, शेजारच्या कुळाला धरतो की नाही, हा पुष्कळदा संशोधनाचा मुख्य प्रश्नच असतो. म्हणून भाषांतराच्या प्रतीत प्रत्येक ठिकाणी मूळ सर्वनाम कंसात ठेवावे. मराठी संशोधकाने महत्त्वाच्या उताऱ्यांचा एक मराठी मसुदाही करून पाहावा. तो प्रबंधात छापला जाणार नाही, पण कुठे आपण आणि कुठे आम्ही हे ठरवताना इंग्रजीत झाकून गेलेले प्रश्न वर येतात आणि ते घेऊन बोलणाऱ्याकडे परत जाता येते.

सातवी पायरी: विश्लेषण, गोपनीयता आणि परत देणे

संगणकप्रणालीत उताऱ्यांचे तुकडे करून त्यांना विषयवार खुणा लावणे उपयुक्त आहे, परंतु कथा सलग सांगितली गेली असेल तर ती एकदा तरी सलगच वाचावी. वंशावळीने सुरू झालेल्या बोलण्यातून वंशावळ अप्रस्तुत म्हणून काढून टाकली की बोलणाऱ्याचा अधिकार कुठून आला हेच दिसेनासे होते. पहिले निष्कर्ष हाती आले की ते घेऊन पुन्हा तालानोआला बसावे आणि झालेल्या दुरुस्त्या प्रबंधात दुरुस्त्या म्हणूनच नोंदवाव्यात.

नाव बदलले की ओळख लपते हा समज छोट्या बेटांवर खरा ठरत नाही. नीऊएची लोकसंख्या दोन हजारांच्या आत आहे. तिथे ‘एक ज्येष्ठ परिचारिका’ एवढे म्हटले तरी सगळ्यांना कळते. अशा वेळी काही तपशील बदलण्याऐवजी तो उताराच सारांशरूपाने द्यावा. याउलट काही ज्येष्ठ आपले नाव दिलेच पाहिजे असा आग्रह धरतात, कारण ती कथा त्यांच्या कुळाची असते आणि नाव गाळणे म्हणजे ती चोरणे. नाव द्यायचे की नाही हा प्रश्न प्रत्येकाला स्वतंत्रपणे विचारावा आणि नीतिमत्ता समितीच्या अर्जात दोन्ही पर्याय ठेवावेत.

फिजीतून निघताना ‘इतातौ’ हा निरोपाचा विधी असतो. पुन्हा यांगोना ठेवून जाण्याची परवानगी मागायची असते. तो न करता निघालेल्या माणसाच्या मागून येणाऱ्या संशोधकाला दार बंद मिळते. त्यानंतरचे देणे अंदाजपत्रकात आधीच लिहिलेले असावे: परतीच्या एका प्रवासाचे भाडे, स्थानिक भाषेतील चार-पाच पानांचा वृत्तान्त आणि त्याचे ध्वनिमुद्रण, सहायकांचे सहलेखक म्हणून नाव, कुटुंबांना त्यांच्या ज्येष्ठांच्या मुलाखतींच्या प्रती, आणि लोकांची हरकत नसेल तर सुवा येथील साउथ पॅसिफिक विद्यापीठाच्या ग्रंथालयात किंवा त्या देशाच्या राष्ट्रीय संग्रहात ठेवायची प्रत. हे विद्यापीठ १९६८ साली स्थापन झाले असून बारा बेटराष्ट्रांच्या संयुक्त मालकीचे आहे. शिष्यवृत्तीच्या अर्जात हा खर्च मागितला नाही तर पुढे तो कोणी देत नाही, तेव्हा पहिल्याच मसुद्यात त्यासाठी स्वतंत्र रक्कम लिहावी आणि मार्गदर्शकांनी ती कमी करायला सांगितल्यास प्रवासाचा किंवा यंत्रांचा खर्च आधी कमी करावा.